कारभारी निर्दोष आहे

काकांच्या लॉरीदुरुस्तीच्या यार्डात कुजबुजत बोलायचा रिवाज होता. मोठ्यानं बोललं की झोपू लागलेली लॉरी दचकून उठते, असं त्यांचं म्हणणं. हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "आणि तुला ते पटलं?" पटलं म्हणजे काय, बेसिंगस्टोकच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी आठ महिने दर रविवारी चवड्यांवर चालत होतो. ऑफिसात बावीस माणसांच्या टीमचा लीड, आणि इथं लॉरीची झोपमोड होऊ नये म्हणून बूट हातात. मुलांना ही गोष्ट सांगताना मी बुटांचा भाग गाळतो. बायको आठवणीनं घालते.

ते माझे घरमालक. मी नोकरीसाठी एकटाच पुढे आलो होतो. बायको-मुलं शाळेची सहामाही संपेपर्यंत पुण्यात होती. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की एका मराठी काकांकडे वरची खोली रिकामी आहे. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाडेकरू ठेवताना लोक पगाराची स्लिप मागतात, पासपोर्ट बघतात. काकांनी एकच विचारलं, "झोप कशी आहे?" म्हटलं, पडल्या पडल्या लागते. "मग या," म्हणाले.

मूळचे मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले. वडील तंबोरे घडवायचे. मुलगा इंग्लंडला येऊन लॉऱ्यांचा इलेक्ट्रिशियन झाला, पण त्यांच्या मते धंदा बदललाच नव्हता. तेव्हाही तारा, आताही तारा. वय चौऱ्याहत्तर. बॉयलरसूटच्या आत टाय. इथल्या पहिल्या मुलाखतीला टाय लावून गेले, नोकरी लागली, मग काढायचा कशाला, असा साधा हिशेब. महिन्यातून एकदा गाडी बदलत वेम्बलीला जाऊन ईलिंग रोडवरून गवती चहाची जुडी आणायचे आणि ती येईपर्यंतचे शेवटचे चार दिवस उदास असायचे.

ड्रायव्हर आला की "काय बिघडलंय" असं ते कधी विचारत नसत. काल कुठं उभी केली होती, पाऊस कुठल्या बाजूनं लागत होता, तू उतरलास तेव्हा ती काय करत होती, असे प्रश्न. इंग्लिश ड्रायव्हर आधी खांदे उडवायचे. मग टोपी मागे सारून आठवू लागायचे, आणि त्यांनाच नवल वाटायचं, की अरे, आपल्याला एवढं माहीत होतं.

आता थोडं यंत्राचं सांगायला हवं. मला कळलंय तेवढंच सांगतो, म्हणजे फार नाही. लॉरीत जाड पुस्तकाएवढा एक डबा असतो. इंजिनाशी त्याचा फारसा संबंध नसतो. दिवे, वायपर, काचा, दारं, हॉर्न, असा सगळा वरकड कारभार तो बघतो. इंग्रजीत त्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. काका त्याला कारभारी म्हणायचे. यार्डाच्या मागच्या भिंतीवर एक लांब फळी होती, तिच्यावर असे सतरा-अठरा कारभारी ओळीनं मांडलेले. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी बदलून फेकलेले. काका ते मागून आणत, तपासत, आणि प्रत्येकावर पांढरी पट्टी लावून सुवाच्य अक्षरात निकाल लिहीत. "निर्दोष. खरा गुन्हेगार : गंजलेली अर्थिंगची तार." "निर्दोष. दाराच्या बिजागरीत तुटलेली वायर." एकावर नुसतंच "निर्दोष. उंदीर." काही बिघडलं की लोक आधी कारभाऱ्याला धरतात, ते म्हणत, कारण तो महाग असतो आणि त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ते "सॉफ्टवेअर" म्हणूनच हाक मारत. "अहो सॉफ्टवेअर, जरा टॉर्च धरा." माझा लॅपटॉप ते टॉवेलखाली झाकून ठेवायला लावत. आधी गाडी बघायची, मग यंत्र काय म्हणतं ते. आणि गाडी बघायची म्हणजे ती झोपताना बघायची. जागेपणी सगळ्याच शहाण्यासारख्या वागतात.

ते असं चाले. लॉरी बंद करायची, दारं लावायची. चाव्या आणि सगळ्यांचे फोन बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा पार फाटकाजवळ. बॅटरीच्या तारेला काट्याचा जुना मीटर. मग काका आधीच उघड्या ठेवलेल्या खिडकीतून आत, सीटवर, मांडीवर वही. अर्धा-पाऊण तास कुणी काही करायचं नाही. लॉरीतले छोटे छोटे मेंदू एकेक करून झोपी जातात, आणि प्रत्येक वेळी कुठंतरी खोल, पापणी मिटल्यासारखं, टक् वाजतं. काटा खाली येतो. अजून एक टक्. अजून खाली. शेवटी नुसता श्वास चालावा एवढा करंट उरतो. इस्टेटमध्ये रविवारी कुणी नसायचं. पत्र्यावर ऊन, दूर मोटरवेचा समुद्रासारखा आवाज, आणि त्या सगळ्यात एक अवजड लॉरी आपल्यासमोर झोपी जातेय. मी शपथेवर सांगतो, शेवटी शेवटी तिचा चेहरा बदलायचा.

माझाही बदलायचा. काकांच्या वहीत एके ठिकाणी नोंद आहे : "भाडेकरू चौदा मिनिटांत झोपला. लॉरी एकतीस."

त्यांची मुलगी अनिता इथंच जन्मलेली, रेडिंगला डोळे तपासायचं तिचं क्लिनिक. तिचा आणि यार्डाचा उभा दावा. शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमाला बाबा उशिरा, आणि कारण यार्ड. मोठी झाल्यापासून तिनं आत पाऊल टाकलं नव्हतं. फाटकाबाहेर गाडी उभी करून फोन करायची. त्या वर्षी ऑगस्टअखेर यार्डाचा करार संपत होता. पुढच्या पाच वर्षांच्या फॉर्मवर, काकांचं वय बघता, जामीन म्हणून तिची सही लागणार होती. वसंतात दोन लॉऱ्या काकांना दुरुस्त करता आल्या नव्हत्या. दोन्ही दुसऱ्यांनी ओढून नेल्या. मार्चमध्ये ते पायरीवरून घसरलेही होते. तेव्हा जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोरच ठरलं : तिसरी लॉरी अशी ओढून न्यावी लागली, तर अनिता सही करणार नाही आणि काका वाद घालणार नाहीत. काकांनी तिला तसा शब्द दिला. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावला. दूध काढायला गेलं की तो दिसायचा.

तिसरी लॉरी जुलैच्या शेवटी आली. मालकीण बार्बरा, साठीची, मधमाश्या पाळणारी. दर ऑगस्टला ती आपल्या पेट्या न्यू फॉरेस्टात हेदरच्या माळावर नेऊन ठेवायची. हेदर म्हणजे जांभळ्या फुलांचं झुडूप. फुलतं तेव्हा सबंध माळ जांभळा धुरकट होतो, आणि त्या तीन-चार आठवड्यांत तिच्या वर्षाचा निम्मा मध गोळा व्हायचा. तिची लॉरी मात्र रोज सकाळी बॅटरी उतरून पडलेली. शिवाय उभ्या उभ्या काच आपली आपण खाली जायची. लख्ख उन्हात वायपर एकदाच इकडून तिकडे फिरायचे, झोपेत माणसानं तोंडावरची माशी हाकलावी तसे.

मी टॉवेल बाजूला करून लॅपटॉप लावला आणि पाच मिनिटांत निदान केलं, कारभारी गेलाय, बदला. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी नंतर एकदाच पाहिली, मुलाच्या पालकसभेत.

पहिल्या रविवारी त्यांनी चेसिसवरचे अर्थिंगचे सगळे जोड घासून लखलखीत केले. सोमवारी बॅटरी उतरलेली. दुसऱ्या रविवारी डाव्या पायरीखाली गंजून हिरवा पडलेला तारेचा एक जोड सापडला, तो नवा केला. खूश झाले, संध्याकाळी शिरा केला. सोमवारी बॅटरी उतरलेली. तारा तपासायची त्यांची रीत होती. मीटर नाही, हेडलाइटचा बल्ब. तारेतला एक केस जरी शाबूत असला तरी मीटर म्हणतो सगळं ठीक. बल्बला मात्र खरोखर पेटावं लागतं. त्यांनी एकेका तारेवर बल्ब पेटवून पाहिला, सगळे पेटले. तरी म्हणाले, कारभारी निर्दोष आहे. बार्बरा तिसऱ्यांदा येऊन गेली. माळ फुलायला लागलाय, एवढंच म्हणाली. दुसरं गॅरेज बघू का, हे तिनं विचारलं नाही, पण फाटकाशी जरा जास्त वेळ उभी राहिली.

तिसऱ्या रविवारी काकांनी कारभाऱ्याला येणाऱ्या सगळ्या तारा काढल्या. दारं नाहीत, दिवे नाहीत, बटणं नाहीत. नुसत्या बॅटरीच्या दोन. आता त्याला हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. आम्ही बसलो. काटा उतरत उतरत तळाला गेला. कुंपणापलीकडच्या बडलियाच्या फुललेल्या झुडपावर फुलपाखरं होती. सात मिनिटं झाली, आणि टक् करून काटा वर चढला. थोडा वेळ थरथरत राहिला, मग उतरला. पुन्हा सात मिनिटं. पुन्हा टक्.

"कुणी बोलावत नाही," काका हळूच म्हणाले, "तरी उठतोय."

त्यांनी वही मिटली. रात्री जेवताना फक्त म्हणाले, "मागवा नवा."

नवा कारभारी शुक्रवारी आला. नवा म्हणजे अगदी तान्हा, कुठल्या लॉरीत जन्मलाय हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून जुना काढण्याआधी त्याच्यातली सगळी माहिती लॅपटॉपवर उतरवून घ्यायची आणि नव्यात भरायची. हे काम अर्थातच माझं. शनिवारी दुपारी टॉवेल समारंभपूर्वक काढण्यात आला. काका शेजारी हात बांधून उभे. मी लॅपटॉप जोडला. पडद्यावर एक चौकट आली, बरंच काही बारीक लिहिलेलं. मी "नेक्स्ट" दाबलं. दुसरी आली, "नेक्स्ट". आमच्या धंद्यात आम्ही लोकांसाठी अशा चौकटी लिहितो आणि स्वतः कधी वाचत नाही. तिसरीत विचारलं होतं, जुनी माहिती साठवल्याशिवाय पुसायची आहे का. हे मला कळलं ते "येस" दाबल्यावर.

बॅकअप घेतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे वाक्य मी ऑफिसात रोज बोलतो. ते छापलेला चहाचा मग आहे माझ्याकडे.

जुना कारभारी त्यानंतर काही बोललाच नाही. नवा बसवला. इंजिन सुरू झालं, पण लॉरीला आपण कोण हेच आठवेना. डावा सिग्नल दिला की दोन्ही लागत, दार उघडलं की हॉर्न वाजे. मागच्या हौद्यात बार्बरानं मुद्दाम लावून घेतलेले लाल दिवे होते, कारण मधमाश्यांना लाल दिसत नाही. ते मेल्यासारखे. कंपनीच्या डीलरकडे फोन केला. दोन आठवड्यांनंतरची तारीख, आणि तीही लॉरी ओढून आणा म्हणाले.

नेमकी तेव्हा अनिता आली. बाबांना डबा आणला होता, पण फोन बिस्किटाच्या डब्यात. तीन वेळा करूनही उत्तर नाही, म्हणून घाबरून ती चक्क आत आली होती. लॉरी हॉर्न वाजवत उभी, सगळे दिवे वेडेवाकडे लुकलुकतायत.

"काय झाला?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. त्याआधी काका म्हणाले, "माझ्याकडून झालं. पुसलं गेलं सगळं."

"सो दॅट्स थ्री, बाबा."

"अजून ओढून नेली नाहीये कुणी," काका म्हणाले.

ती माझ्याकडे बघत होती. आणि मी, बावीस माणसांचा लीड, लॅपटॉपवर टॉवेल घालत होतो. अगदी नीट, कोपरे जुळवून. ती गेल्यावर म्हटलं, काका, तुम्ही असं का सांगितलंत. तर म्हणाले, यार्डात झालेली चूक यार्डाच्या मालकाची. इथं दुसऱ्या कुणाला चूक करायची परवानगी नाही.

मग त्यांनी वही काढली. तीन रविवार ते लॉरीत बसून काय लिहीत होते हे मी कधी बघितलंच नव्हतं. मला वाटायचं करंटचे आकडे. आकडे होतेच, पण थोडे. बाकी लॉरीचा स्वभाव होता. "दार लावल्यावर आतला दिवा लगेच जात नाही. 'श्रीराम जयराम' म्हणेपर्यंत थांबून मग हळूहळू विझतो." "वायपरची पहिली खूण : एकदा फिरून सहा मोजेपर्यंत विश्रांती." "रिव्हर्सला बीप नाही, बंद करून घेतलेला. माश्यांसाठी असावा." "लाल दिवे फक्त हौद्याचं दार उघडल्यावर, आणि हँडब्रेक ओढलेला असेल तरच." अशी अकरा पानं.

रविवारी पहाटेपासून आम्ही बसलो. ते वाचत, मी लॅपटॉपवर त्या ओळीचा खाना शोधून आकडा भरी, मग ते जाऊन दार उघडत, लावत, तोंडानं श्रीराम जयराम पुटपुटत, आणि मान हलवत. जास्त झालं, कमी करा. अजून जरा. हां. तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा सरकवत, स्वर घुमेपर्यंत जवारी लावावी, तसं चाललं होतं. दुपारी बार्बरा आली. तिला काही न सांगता सीटवर बसवलं. ती चालवताना हात कुठं नेते, काय न बघता दाबते, हे बघून आणखी सात-आठ गोष्टी सापडल्या. शेवटी तिनं हौद्याचं दार उघडलं. आत मधाचा, मेणाचा वास, आणि हळूच तो लाल उजेड लागला. बार्बरानं दार लावलं आणि पुन्हा एकदा उघडून बघितलं.

सोमवारी सकाळी बॅटरी भरलेली होती. बार्बरा निघाली तेव्हा अनिता फाटकात होती. क्लिनिकला जाता जाता बघायला आलेली. वायपर फिरले नाहीत, हॉर्न वाजला नाही, लॉरी शहाण्यासारखी वळून गेली. अनितानं पर्समधून फॉर्म काढला. आदल्या रात्री फ्रिजवरून तीच घेऊन गेली होती.

आता माझी पाळी होती. सही होईपर्यंत गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण मला ते जमेना. तिला बाजूला घेऊन सांगितलं की शनिवारी पुसलं ते मी. काकांनी उगाच अंगावर घेतलं.

"आय नो," ती म्हणाली. "बाबा 'माझ्याकडून झालं' असा कधीच म्हणत नाही. मम्मीला पण कधी नाही म्हटला. लाइफमध्ये एकदा ऐकली मी, तर मला कळला ना, तुमचा आहे."

मग म्हणाली, "बट तुम्ही लवकर सांगायला पाहिजे होता." ते खरंच होतं, म्हणून मी मान हलवली.

तिनं लॉरीच्या पायरीसाठी ठेवलेल्या ठोकळ्यावर फॉर्म ठेवला, पेन काढलं. काका चष्मा वर करून जवळ आले. मुदतीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "पाच खोड. एक लिही."

"व्हाय? तुम्ही फाइन आहे."

"तसं नाही. तीन रविवार मी त्याला निर्दोष म्हणत बसलो, तिकडं फुलं वाया चालली होती. आता एकेक वर्षच बघावं. दर वर्षी सही लागेल, दर वर्षी तुला यावं लागेल. पोस्टानं आलेली मी धरणार नाही. इथं येऊन करायची."

अनितानं पाच खोडलं आणि एक लिहिलं. खाली सही केली. क्लिनिकला त्या दिवशी तिला उशीर झाला.

पुढं बायको-मुलं आली, आम्ही ब्रॅकनेलला घर घेतलं. काकांकडे जाणं-येणं होतंच, रविवार मात्र सुटले. असे चार ऑगस्ट झाले. सहीच्या दिवशी ते कुठलीही लॉरी हातात घेत नसत. टाय बदलत.

पाचव्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज रेडिंगहून, अनिताच्या घरून. म्हटलं, आज सहीचा दिवस ना? हो म्हणाले. ती यार्डात आली होती. फॉर्म आणला नव्हता.

"मग?"

"मग काही नाही. मी मागितला नाही." मागे ताटं मांडल्याचा आवाज येत होता. "चहा घेतला, बसलो जरा. ती निघाली, तेव्हा मीही तिच्या गाडीत बसलो. अहो सॉफ्टवेअर, जमलं तर आज जरा जाऊन याल का? फाटक उघडंच राहिलंय."